आकडा कळला तर आकडी टळते

सातव्या महिन्यात मुलीची ओटी भरायची, तिला हिरवी साडी नेसवायची, हिरवा चुडा भरायचा आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचे, ही आपली जुनी रीत आहे. महाराष्ट्रात ती आहे, आणि आपल्या बेटावरील मराठी घरांतही ती बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. रीत चांगली आहे. पोरीला विश्रांती मिळते, आईच्या हातचे चार घास मिळतात, मनातली भीती बोलून दाखवायला हक्काचे माणूस मिळते. या रीतीविरुद्ध आम्हाला काही लिहायचे नाही. पण आपली मुलगी आता शेजारच्या गावात नांदत नाही. ती मस्कतला असते, दुबईला असते, लंडनला किंवा टोरांटोला असते. बैलगाडीच्या अंतरासाठी घालून दिलेली रीत आपण विमानाच्या अंतराला लावतो, आणि मध्येच एक धोका उभा राहतो. ओटी भरणाऱ्या बायका त्याचा विचार करीत नाहीत आणि तिकीट काढणारे पुरुषही करीत नाहीत. त्या धोक्याविषयी आज दोन शब्द लिहावेत असे वाटते.

त्या धोक्याचे नाव प्री-एक्लॅम्पसिया. नाव अवघड आहे, रोग मात्र परका नाही. आपल्या आज्यांच्या काळी डॉक्टर त्याला टॉक्सिमिया म्हणत. आपल्या घरांत क्रियोल बोलीत ‘तांसियों चढले’ एवढेच म्हटले जाते आणि विषय संपतो. गर्भारपणाचे २० आठवडे उलटल्यावर, आधी चांगला असलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो. त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागतो, तेव्हा डॉक्टर हे नाव देतात. शंभर गर्भवतींपैकी दोन ते आठ जणींना हा विकार होतो. वेळीच ओळखला नाही तर काहींना आकडी येते, काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो, काहींची वार वेळेआधीच सुटते. पोटातले बाळ खुरटते, कधी दगावते. जगात बाळंतपणाच्या कारणाने ज्या माता मरतात, त्यांतील सुमारे सहावा-सातवा हिस्सा गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारांनी मरतो.

या रोगाचे मूळ वारेत आहे. गर्भ रुजतो तेव्हा पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातील रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळते. काही स्त्रियांत त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की त्यांनी आईच्या साऱ्या अंगातील रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणजे पेरणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते आणि पीक सातव्या-आठव्यात दिसते. यात दृष्ट लागण्याचा संबंध नाही, ग्रहणाचा नाही, सासूच्या बोलण्याचा नाही, आणि त्या मुलीचा स्वतःचाही काही अपराध नाही.

या रोगाची खोड अशी की तो सुरुवातीला दुखत नाही. ताप येत नाही, रक्त जात नाही. बाई हसतखेळत असते आणि आत रक्तदाब चढत असतो. पुढे डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, नजर अंधूक होते, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखते, मळमळते, दम लागतो, तोंडावर आणि हातांवर एकाएकी सूज येते. त्या वेळी घरातली मोठी माणसे काय म्हणतात? ‘पाय तर सगळ्यांचेच सुजतात.’ ‘हवा बदलली म्हणून डोके दुखते.’ ‘जागा बाळाने घेतली, म्हणून अन्न वर येते.’ ही वाक्ये प्रेमाने बोललेली असतात, आणि बहुतेक वेळा खरीही असतात. पण ज्या एका वेळी ती खोटी ठरतात, त्या वेळी मोजायला पुरेसा अवधी उरलेला नसतो.

म्हणून लक्षणांची वाट पाहायची नसते, आकडा पाहायचा असतो. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. आकडी येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडते, हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलातील डॉक्टर जॉन लीव्हर यांनी १८४३ साली दाखवून दिले. दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली जगापुढे ठेवले. म्हणजे दंडावरचा पट्टा आणि लघवीची परीक्षा ही दोन साधने शंभर वर्षांहून अधिक काळ माणसाच्या हाती आहेत. ती स्वस्त आहेत, दुखत नाहीत आणि पाच-दहा मिनिटांत होतात. एकच अट आहे. ती पुन्हा पुन्हा, खंड न पडता करावी लागतात. आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवला तरच तो बोलतो.

आम्ही पेशाने शिक्षक. शाळेत हजेरीपट असतो तो केवळ सरकारला दाखवायला नसतो. एखादे मूल तीन दिवस आले नाही की आम्ही चौकशी करतो. गर्भवतीचे कार्ड हा तिचा हजेरीपट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले की गर्भारपणात निदान आठ वेळा तपासणी व्हावी: १२, २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यात. पाहा, शेवटी शेवटी तपासण्या कशा जवळजवळ येतात! त्याचे एक मोठे कारण हाच रोग आहे. आता आपली रीत या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. ओटीभरण सातव्यात, प्रवास सातव्याच्या शेवटी किंवा आठव्यात. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर नेत नाहीत, म्हणून घाईही त्याच दिवसांत होते. जुना डॉक्टर सुटला, नवा अजून धरला नाही, असे दोन-चार आठवडे नेमके तेव्हा येतात, जेव्हा हजेरी सर्वांत अधिक लागते.

हे आम्हाला पुस्तकात वाचून कळले नाही, ओमानमध्ये पाहून कळले. आमची एक पुतणी लग्न होऊन मस्कतला गेली. जावई सांगली जिल्ह्यातील. त्यांचे घर अल् खुवैर या भागात आहे. शाळेच्या मोठ्या सुट्टीत आम्ही काही आठवडे तेथे राहिलो. अल् खुवैरच्या एका अंगाला मंत्रालयांच्या इमारती आणि वकिलाती आहेत, भारताची वकिलातही तेथेच आहे. दुसऱ्या अंगाला दुकाने, खानावळी, दवाखाने आणि भाडेकरूंनी भरलेल्या इमारती. एका जिन्यावर केरळ, गुजरात, महाराष्ट्र आणि फिलिपिन्स एकत्र नांदतात. ज्या देशात १९७० साली दवाखाने आणि डॉक्टर बोटांवर मोजता येत होते, त्या देशाच्या राजधानीत १९८७ साली रॉयल हॉस्पिटल उघडले आणि १९९० साली सुलतान काबूस विद्यापीठाचे रुग्णालय. नोकरीसाठी आलेल्या भारतीय कुटुंबांचा संबंध मुख्यतः खासगी दवाखान्यांशी येतो, आणि तेही गल्लोगल्ली आहेत. म्हणजे तेथे उपचारांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये.

पुतणीबरोबर आम्ही तपासणीला गेलो. केरळच्या एका परिचारिकेने तिला पाच मिनिटे स्वस्थ बसवले, पाठ टेकवली, पाय जमिनीवर ठेवायला लावले, मग पट्टा बांधला आणि आकडा मोठ्याने सांगून कार्डावर लिहिला: १२८/८२. डॉक्टरीणबाईंनी मागचे आकडे पाहिले. चौथ्या महिन्यात तोच रक्तदाब १०४/६६ होता. त्या म्हणाल्या, ‘आजचा आकडा रोगाचा नाही. पण तो चढतो आहे. तीन आठवड्यांनी नको, आठवड्याने या.’ इकडे वाक्वाहून आईचा रोज फोन येत होता, तिकडे सांगलीहून सासूबाईंचा. दोघींनाही मुलगी आपल्याकडे हवी होती. दुबईमार्गे मॉरिशसचे तिकीटही जवळजवळ ठरले होते.

त्याच इमारतीत कोल्हापूरकडील एक बाई राहते. तिने आपली हकीगत पुतणीला स्वतः येऊन सांगितली. दोन वर्षांपूर्वी ती ३१ व्या आठवड्यात माहेरी गेली होती. निघण्यापूर्वीच्या तपासणीत तिचा रक्तदाब १३२/८६ होता, हे मागाहून कागद पाहिल्यावर कळले. तो कागद अल् खुवैरच्या कपाटातच राहिला होता. माहेरी ओटी भरली, डोहाळजेवण झाले, मावश्या-आत्या भेटून गेल्या. नाव कोणत्या दवाखान्यात घालायचे, यावर घरात चर्चा चालू होती. चोवीस दिवस कोणी पट्टा बांधला नाही. दोन दिवस डोके दुखत होते, त्यावर बाम चोळला. पंचविसाव्या रात्री आकडी आली. बाई वाचली. बाळ गेले.

या गोष्टीत आम्ही कोणाला आरोपी करणार नाही. अल् खुवैरच्या डॉक्टरने तपासले होते. माहेरच्या माणसांनी जीव ओवाळून टाकला होता. गावाजवळ दवाखानाही होता. सगळे होते, फक्त साखळीतील एक कडी नव्हती. हजेरी मांडणारा कोणी नव्हता.

पुतणीच्या घरी त्या रात्री निर्णय झाला की ती कोठेही जाणार नाही. आठवड्याने १३४/८६ आले, त्याच्या पुढल्या खेपेला १४४/९४, आणि लघवीत प्रथिने. तिला रुग्णालयात ठेवले, गोळ्या सुरू झाल्या, बाळाची वाढ पाहिली गेली. ३६ व्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळंतपण करून घेतले. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. मायलेकी सुखरूप आहेत. आणि माहेराचे काय झाले? आईने वाक्वाचे घर बंद केले आणि ती मस्कतला जाऊन राहिली. बाळंतीण माहेरी गेली नाही, माहेर बाळंतिणीकडे गेले.

कोणी म्हणेल, यात रीत मोडली. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या पणज्या रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून गिरमिटावर या बेटावर आल्या, तेव्हा त्यांना माहेर उरलेच नव्हते. मध्ये काळे पाणी होते. साखरेच्या मळ्यांवरच्या वस्तीत त्या बाळंत होत, तेव्हा शेजारीण हीच आई होई. त्यांनी रीतीचे शब्द सोडले आणि अर्थ धरला. गर्भारणीजवळ तिचे माणूस असावे, हा तो अर्थ. त्या पणज्यांना जे जमले ते विमानाचे तिकीट काढू शकणाऱ्या आपल्याला जमू नये काय?

रोग कळला तर पुढे काय, ही भीती पुष्कळ घरांत असते. ‘डॉक्टर उगाच घाबरवतात आणि पोट फाडतात’ असे बोलले जाते. म्हणून उपचारांविषयी थोडे सांगणे जरूर आहे, आणि ते सांगताना महाराष्ट्राचे नाव अभिमानाने घेता येते. रक्तदाब १६०/११० पर्यंत चढला तर तो तासाभरात उतरवण्याची धडपड करावी लागते, नाहीतर मेंदूला धोका असतो. हे काम शिरेतून औषध देऊनच होते असे पूर्वी मानले जाई. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती रुग्णालयात, २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गर्भवतींवर साध्या पोटात घ्यायच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. निफेडिपिन, लॅबेटलॉल आणि मिथिलडोपा अशी ती तीन औषधे. सहा तासांत, काही अपाय न होता रक्तदाब आटोक्यात आला अशा स्त्रिया अनुक्रमे शंभरात ८४, ७७ आणि ७६ होत्या. हा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. नागपूरच्या गरीब बायांच्या सहकार्यामुळे आज जगातील लहान दवाखान्यांनाही कळले आहे की शिरेतून औषध देण्याची सोय नसली तरी हात बांधून बसायचे कारण नाही.

आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आहे. ते एक स्वस्त क्षार आहे. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याने आकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. आपल्याकडच्या बारीक अंगलटीच्या स्त्रियांना त्याची कमी मात्रा पुरावी, असा विचार सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडला. एकूण, उपचार आहेत, आणि त्यांत आपल्या माणसांचा वाटा आहे.

मात्र खरा शेवटचा उपाय एकच, बाळ आणि वार बाहेर येणे. ३७ आठवडे भरले असतील तर डॉक्टर सहसा थांबत नाहीत. दिवस कमी असतील तर आईचा रक्तदाब सांभाळत, बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शने देत, एकेक दिवस जोडत जातात. बाळंतपण नेहमी शस्त्रक्रियेनेच होते असेही नाही. ही कसरत ज्या रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळाची सोय आहे तेथेच होऊ शकते. म्हणून माहेरचा दवाखाना निवडताना तो घराजवळ आहे की नाही, यापेक्षा तेथे अशा बाळाला सांभाळता येते की नाही, हे आधी विचारावे.

आता दोन समजुती. पहिली, मीठ बंद केले की झाले. मीठ तोडल्याने हा रोग टळत नाही, आणि नुसते पडून राहिल्यानेही टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ साली हेच सांगितले आहे. दुसरी समजूत, आधी काही करता येत नाही. येते. पहिलटकरीण, जुळी, आधीच्या खेपेस हाच त्रास, आईला किंवा बहिणीला झालेला त्रास, मधुमेह, मूळचा रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, वाढलेले वजन, पस्तिशीनंतरचे गर्भारपण, यांत धोका अधिक असतो. ज्यांचा धोका मोठा त्यांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात धोक्याच्या गटातील स्त्रियांना ती दिली, तेव्हा दिवस भरण्याआधी होणाऱ्या या रोगाचे प्रमाण शंभरात ४.३ वरून १.६ वर आले. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. ही औषधे मनाने घ्यायची नाहीत. पण विचारायचे मात्र जरूर, आणि विचारायची वेळ तिसरा महिना ही आहे, सातवा नव्हे. आपल्या बेटावर मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्या मुलींनी तर पहिल्याच भेटीत विचारावा. ‘माझ्या आईला हा त्रास झाला होता’ हे वाक्य डॉक्टरपुढे बोलायला लाजू नये. आणि आयांनीही आपली जुनी बाळंतपणे मुलींपासून लपवू नयेत.

साखळी न तुटण्याला आम्ही एवढे महत्त्व का देतो, याचे आणखी एक उदाहरण बेळगावकडचे आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात गावच्या आशा सेविकांच्या हाती रक्तदाब मोजायचे यंत्र दिले गेले. त्या घरोघर जाऊन गर्भवतींचा रक्तदाब मोजत, गरज पडल्यास पहिला डोस देत आणि मोठ्या दवाखान्यात पाठवीत. असेच काम पाकिस्तान आणि मोझांबिक येथेही झाले. २०२० साली निकाल आला तेव्हा एकूण हिशेबात मोठा फरक दिसला नाही. पण ज्या स्त्रियांकडे सेविका आठ किंवा अधिक वेळा पोचल्या, त्यांच्यात मृत बालके जन्मण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. कोणी म्हणेल, ज्यांची घडी आधीच नीट होती त्यांच्याकडेच सेविका अधिक वेळा पोचल्या असतील. तेही शक्य आहे. तरी आम्ही त्यातून एवढा धडा घेतो की यंत्र आणून ठेवल्याने काही होत नाही. ते पुन्हा पुन्हा दंडावर बांधावे लागते.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, ज्यांच्या मुली-सुना परदेशी आहेत त्यांच्याकडे आमच्या काही मागण्या आहेत. तिकिटाचा दिवस पंचांग पाहून ठरवण्याआधी मुलीच्या डॉक्टरला विचारून ठरवा. रक्तदाब चढता असेल तर तिला हलवू नका, तुम्ही तिच्याकडे जा. ती येणारच असेल तर ती विमानात बसण्यापूर्वी येथल्या दवाखान्यात तिचे नाव घातलेले असू द्या, आणि आल्यापासून तीन दिवसांच्या आत पहिली तपासणी होऊ द्या. ओटीभरण त्यानंतर करा. तिचे कार्ड सामानाच्या पेटीत नव्हे, हातातल्या पिशवीत असावे, आणि त्याचे छायाचित्र आईच्या फोनवर आधीच आलेले असावे. विम्यात बाळंतपणाचा खर्च धरला आहे की नाही, हे जावयांनी पहिल्या महिन्यातच पाहावे, म्हणजे पैशाच्या भीतीने कोणाला आठव्या महिन्यात विमान धरावे लागणार नाही.

घरात दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र आणा. मनगटाचे नको. कोणते यंत्र गर्भवतीसाठी तपासून घेतलेले आहे, हे डॉक्टरला विचारून घ्या. पाच मिनिटे बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. १४०/९० आले तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. १६०/११० आले, किंवा वर सांगितलेली डोकेदुखी, काजवे, पोटाच्या वरच्या भागातील दुखणे यांपैकी काही दिसले, तर रात्र असो, सण असो, सरळ रुग्णालय गाठा. आपल्या बेटावर सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत. कांदोस असो की पांप्लेमूस, दार रात्रीही उघडे असते.

आणि बाळ जन्मले म्हणजे धोका टळला असे समजू नका. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, आणि रक्तदाबावर सहा आठवडे नजर ठेवावी लागते. आपण बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतो. तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सारे होते. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा बाळाकडे पाहतो, आईकडे कोणी पाहत नाही. त्या सव्वा महिन्यात तिच्या दंडावर पट्टाही बांधला जावा. पुढेही वर्षातून एकदा तिने रक्तदाब आणि साखर पाहावी, कारण ज्यांना हा रोग झाला त्यांना उतारवयात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो.

आपल्या मंडळांनाही येथे काम आहे. गणेशोत्सवाला जशी वर्गणी निघते तशी एका यंत्रासाठी निघावी. शाखेच्या खोलीत ते असावे, आणि रविवारी एखाद्या निवृत्त परिचारिकेने तेथे तासभर बसावे. गावात कोण गर्भार आहे हे आपल्या बायकांना दवाखान्याच्या आधी कळते. त्या कळण्याचा उपयोग केवळ गप्पांसाठी का व्हावा?

ओटीत आपण नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खण घालतो. ते सर्व घालावे. त्याआधी मुलीला जवळ बसवून एवढेच विचारावे, ‘मागच्या वेळी किती आले होते? आणि पुढची तारीख कोणती?’ या दोन प्रश्नांची उत्तरे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावीत, एवढीच आमची नम्र विनंती.